पाच नंबरची तिसरी खिडकी

१

मनुष्यजातीने आजवर जे जे शोध लावले, त्यांत दर्शनी भिंतीइतका थोर शोध दुसरा नाही. चाक नसतं तर माणूस चालत गेला असता. अग्नी नसता तर काकड्या खाऊन जगला असता. पण दर्शनी भिंत नसती, तर माणसाला जगापुढे तोंड दाखवायची सोयच उरली नसती. हे विधान मी बाल्टिक समुद्राच्या काठावर, बोचऱ्या वाऱ्यात, उजवा हात उंचावून केलं.

"अहो," सुनेत्रा म्हणाली, "आधी पँटची चेन लावा."

मी लावली. थोर विचारांचं नेहमी असंच होतं.

हा विचार सुचला होता तो समोरच्या 'एंग्लिशे त्साइले'मुळे, म्हणजे इंग्रजी रांगेमुळे. दोनशे वर्षांपूर्वी इथल्या ग्राउझांड गावचा छोटा ड्यूक इंग्लंडला गेला, तिथल्या रीजन्सी काळातल्या समुद्राकाठच्या घरांच्या पांढऱ्याशुभ्र रांगा पाहून वेडा झाला आणि परत येऊन म्हणाला, मला हे हवंय. त्याच्याकडे समुद्र होता. बाकी काही नव्हतं. म्हणून त्याने दगडाऐवजी विटा लावल्या, विटांवर गिलावा दिला आणि गिलाव्यावर रेघा मारून त्यालाच दगड म्हणायला सांगितलं. आठ घरं, एकाला एक चिकटलेली. प्रत्येकाचं पोट जरासं पुढे आलेलं, दारावर पंख्यासारखी अर्धगोल काच, पहिल्या मजल्यावर तीन उंच खिडक्या, आणि त्यांच्यापुढून आठही घरांना कवेत घेत गेलेला लोखंडी सज्जा. पुढून पाहिलं तर एखादं राजघराणं फोटोला उभं आहे असं वाटावं. मागून पाहिलं तर तेच राजघराणं आंघोळीला निघालेलं: कुणाची पत्र्याची शेड, कुणाचा वाकडा पाइप, कुणाची जास्तीची मोरी. मी पुण्यात घरांचे नकाशे तपासण्यात तीस वर्षं घालवली. मला मागची बाजू पाहून माहेरी आल्यासारखं वाटलं.

आमची मुलगी ऊर्मिला जुन्या इमारतींच्या डागडुजीची आर्किटेक्ट. या रांगेचं काम तिच्याकडे होतं, आणि चार नंबरच्या पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट त्या कामाबरोबर मिळालेला. जावई सिद्धांत हेर्त्सोगेनआउराखला मेकॅनिकल इंजिनिअर; नवरा-बायको महिन्यातून दोनदा भेटतात आणि त्यामुळे अजून एकमेकांशी नीट बोलतात. पाडव्यासाठी तो गुरुवार-शुक्रवार सुट्टी काढून आला होता.

आणि आज पाडवा होता. सुनेत्राने सगळे उठायच्या आत एकटीने गुढी उभारली होती. घरात तांब्या नव्हता, बांबू नव्हता, कडुनिंब तर या अक्षांशावर उगवायचं धाडसच करत नाही. "मी केलीय सोय," एवढंच ती म्हणाली. काठी म्हणून बेडरूमच्या पडद्याचा दांडा गेल्याचं मला कळलं, कारण पहाटे डोळ्यांवर उजेड आला. कलशावर स्वस्तिक काढायचं नाही, हे ऊर्मिलाने विमानतळावरच बजावलं होतं. या देशात त्यावरून पोलीस येतात. पोलीस तसेही येणार होते, पण ते आम्हाला अजून माहीत नव्हतं.

"फोटो काढा," सुनेत्रा म्हणाली. "बहिणीला पाठवायचाय."

मी काढला. हिरवी खणाची चोळी, साखरेची माळ, वर उपडा घातलेला रुपेरी कलश उन्हात लखलखत होता. माझ्या सवयीप्रमाणे फोटोत गुढी थोडी आणि इमारत जास्त आली. चार नंबर आला, शेजारच्या पाच नंबरातलं छोटं म्युझियम आलं. पाच नंबरची शेवटची, सहा नंबराकडची खिडकी तेवढी धुरकट आली. मी मोबाइल पुसून पुन्हा काढला. पुन्हा तीच खिडकी धुरकट.

"राहू द्या," सुनेत्रा म्हणाली. आणि तेवढ्यात पाच नंबरच्या सज्जात एक बाई धावत आली, कठड्याला धरून समुद्राकडे तोंड करून किंचाळली. जर्मन मला येत नाही. पण काहीतरी गेलंय, एवढं कुठल्याही भाषेत कळतं.

२

गेली होती रांगेची प्रतिकृती. ड्यूकच्या मिस्त्रीने लिंडनच्या लाकडात कोरलेली, जेवणाच्या टेबलाइतकी लांब, आठही घरं खिडक्या-कठड्यांसकट. वजनाला हलकी. एका माणसाला उचलता येईल, पण कोटाखाली लपवता येणार नाही.

म्युझियम म्हणजे पाच नंबरच्या पहिल्या मजल्यावरची एकच दिवाणखान्याची खोली. आम्ही सगळे तिथे जमलो. मधलं टेबल रिकामं. दोन उंच खिडक्यांतून समुद्र आत डोकावत होता. वर छतावर गिलाव्याचं गोल पानाफुलांचं चक्र, आणि त्यातून लोंबणारं झुंबर रिकाम्या टेबलाच्या बरोबर वर नसून उजव्या बाजूला सरकलेलं. जर्मनीत काहीतरी मध्यावर नाही हे पाहून मला मनातून बरं वाटलं.

मघाशी किंचाळलेल्या बाई म्हणजे म्युझियम सांभाळणाऱ्या फ्राउ ल्यूर्स. त्या सांगत होत्या आणि सिद्धांत आम्हाला मराठीत सांगत होता: जिन्याकडचं दार कुलूपबंद, किल्ली त्यांच्या गळ्यात. सकाळी उघडून पाहतात तो सज्जाकडची खिडकी सताड उघडी आणि टेबल मोकळं.

"म्हणजे चोर सज्जातून आला," कोमिसारिन हार्म्स म्हणाल्या. पोलीसबाई; केस आखूड, वाक्यं त्याहून आखूड. "सज्जात कुठून?"

चार आणि पाच नंबर दोन्ही गावाच्या मालकीचे. त्यांच्यामध्ये सज्जात गुडघाभर कठडा. पाच आणि सहाच्या मध्ये मात्र पुरुषभर उंचीचं टोकदार लोखंडी कुंपण. म्हणजे सज्जात येण्याचा रस्ता एकच होता, आणि तो आमच्या फ्लॅटमधून जात होता.

तेवढ्यात सहा नंबरचे मालक हेर क्र्योगर उभे राहिले. सत्तरीचे, उंच, नुकत्याच उकडलेल्या रताळ्यासारखे गुलाबी, घरमालकांच्या मंडळाचे अध्यक्ष. ते बोलले आणि सिद्धांतचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"बाबा, तो म्हणतोय... सकाळी तो खाली प्रोमेनाडवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर फिरत होता. त्याने ऊर्मिलाला पाहिलं. निळ्या साडीत. आपल्या सज्जातून कठडा ओलांडून इकडे येताना."

"मी?" ऊर्मिला म्हणाली. ती खरंच निळ्या साडीत होती.

क्र्योगर पुढे बोलत होते. सिद्धांत ओशाळून भाषांतर करत होता. "म्हणतोय, गेनाऊ, अगदी नेमकं आठवतंय. त्या काठीखालून वाकून गेली. ती हिरव्या कापडाची, साखरेच्या माळेची, वर बिअरचा मग टांगलेली काठी."

"बिअरचा मग!" मी उसळलो. "गुढीला बिअरचा मग म्हणतो? सांग त्याला, तो मंगल कलश असतो—"

"अहो," सुनेत्रा म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत परीक्षेवर देखरेख केल्याने तो आवाज आलाय. त्या आवाजात बोलल्यावर मागच्या बाकावरच्या मुलीच्या ओढणीतून आपोआप चिठ्ठ्या गळायच्या. "गप्प बसा. त्याला बोलू द्या."

पण क्र्योगरांचं बोलून झालं होतं. कोमिसारिनबाई ऊर्मिलाकडे वळल्या.

"तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"तळघरात. भिंतींची ओल मोजत होते."

"कोण होतं बरोबर?"

ऊर्मिलाने ओठ चावला. तळघरात ओलीखेरीज तिच्याबरोबर कुणीच नव्हतं.

३

संध्याकाळी ऊर्मिलाच्या साहेबांचा, डॉक्टर पेटरसनांचा फोन आला. चौकशी संपेपर्यंत उद्यापासून कामावर यायचं नाही.

"माझा प्रोबेत्साइट या महिन्याअखेर संपतो," ती म्हणाली. प्रोबेत्साइट म्हणजे नोकरीतले कसोटीचे सहा महिने; तोवर साहेबाला कारण न देता काढता येतं. "आता काढतीलच. नोकरी गेली की फ्लॅट गेला. आणि पुन्हा मिळणार कुठे? जुन्या गिलाव्याची कामं करणारी या देशातली सगळी माणसं एका बसमध्ये मावतात, बाबा. उद्यापर्यंत बसभर झालेलं असेल की शेजवलकर बाईने प्रतिकृती चोरली."

"पण चोरून कुणाला काय मिळणार? विकता तर येणार नाही," सिद्धांत म्हणाला.

"तेच कळत नाहीये. परवाच माझ्या लक्षात आलं की प्रतिकृतीची छपरं सुटी होतात. खाली खोल्या आहेत, भिंती आहेत, सगळ्या मापात. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी आत काय होतं, त्याचा एकमेव पुरावा. मी मंडळाला मेल टाकली की सोमवारी सगळ्यांसमोर छपरं उघडू."

"उघडून पाहिलीस?" सुनेत्राने विचारलं.

"नाही ना. एकटीने हात लावायचा नाही, नियम आहे. म्हणून तर सोमवार."

"आणि पाच नंबरची ती खोली? ती मोजलीस?"

"आई, मी एक नंबरपासून क्रमाने मोजत येतेय. चार झाले. पाच नंबर वेळापत्रकात एप्रिलमध्ये आहे."

"शेजारीच राहतेस ना! टेप घेऊन पाच मिनिटं गेली असतीस."

"आई, इथे तसं करत नाहीत. मार्चमध्ये एप्रिलचं काम केलं, तर एप्रिलमध्ये काय केलं ते लिहायला अडचण येते."

सिद्धांत उठून स्वयंपाकघरात गेला. कपाटांची दारं उघडल्या-मिटल्याचे आवाज आले. "ऊर्मी, माझा क्रूग कुठाय? दहा वर्षांबद्दल कंपनीने दिलेला, कथलाचा? आज मला बिअरची अत्यंत गरज आहे."

"तिथेच असेल."

"नाहीये."

"सापडेल, सिद्धांतराव," सुनेत्रा घाईने म्हणाली. "आज पेल्यातून घ्या."

मी तिच्याकडे पाहिलं. जावयाला बिअर घ्या असं सुनेत्रा स्वतःच्या तोंडाने म्हणते आहे, ही त्या दिवसातली दुसरी मोठी गूढ घटना होती.

४

शुक्रवारी सुनेत्राने गाठीभेटी सुरू केल्या. तिचं इंग्रजी शाळेतलं आहे, पण त्यात 'आउट' आणि 'डिटेन्शन' हे शब्द फार स्पष्ट येतात. मी बरोबर होतो, कारण पिशवी धरायला कुणीतरी लागतं.

फ्राउ ल्यूर्सनी आम्हाला केक दिला आणि स्वतः एक घासही घेतला नाही.

"तुम्ही सकाळी किती वाजता दार उघडलंत?"

"नेहमीच्या वेळेला."

"खरं सांगा," सुनेत्रा म्हणाली.

बाईंचा चेहरा लाल झाला. "उशिरा. बेकरीत गप्पा मारत बसले होते. बरं का, हे कृपा करून कुणाला सांगू नका. तीस वर्षांत पहिल्यांदाच उशीर झालाय."

"कुणाला माहीत होतं तुम्ही बेकरीत आहात?"

"सगळ्यांना. हेर क्र्योगर माझ्यासमोरच पाव घेऊन घरी गेले."

"घरी? की फिरायला?"

"घरी. सकाळी पाव, मग सॉनाच्या गरम वाफेत घाम गाळायचा, मग नाश्ता. पस्तीस वर्षांचा नेम. म्हणून तर इतके तब्येतीने आहेत."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बाईंवर माझा संशय आहे. किल्ली गळ्यात, उशिराचं लपवलं, वरून केक."

"तिने उशीर लपवला. उशीर लपवणारी बाई चोरी करत नाही. तिच्यात तेवढं धैर्यच नसतं." ती थांबून वर बघायला लागली. "पाच नंबरच्या या तीन खिडक्या. बाहेरून बरोबर तीन ना?"

"तीन. पण ती शेवटची खोटी असणार. या घरांची रीतच आहे. आत भिंत असली तरी बाहेर खिडकी हवी, नाहीतर रांग बिघडते. मग भिंतीवर काचा-चौकट बसवायची, आतून पांढरा पडदा लावायचा, झालं. दर्शनी भिंत म्हणजे—"

"कळलं. काल तुम्ही काढलेले फोटो दाखवा."

मी दाखवले. तिने ते बोटांनी मोठे केले, लहान केले, पुन्हा मोठे केले. मग वरच्या खऱ्या खिडकीकडे पाहिलं. आज ती काच अगदी स्वच्छ, कोरडी होती.

"काय झालं?"

"परीक्षेत कॉपी करणारी मुलगी कशी ओळखायची, सांगू? तिला विचारलं, कुठे होतीस, तर खरी मुलगी म्हणते, माहीत नाही बाई, असेन कुठेतरी. खोटी मुलगी एक तपशील जास्त सांगते."

"म्हणजे?"

"म्हणजे सिद्धांतरावांना सांगा, कोमिसारिनबाईंना उद्या सकाळी म्युझियममध्ये बोलवा. आणि सगळ्यांना."

"त्या येतील? उद्या शनिवार आहे."

 सुनेत्राच्या कपाळावर आठी आली. ती आठी मी ओळखतो. तिला कोण ते कळलं होतं. कसं, ते अर्धंच कळलं होतं.

५

शनिवारी सकाळी म्युझियमच्या खोलीत फ्राउ ल्यूर्स हात चोळत बसल्या होत्या. क्र्योगर खिडकीपाशी उभे, ओले केस मागे सारलेले. ऊर्मिला दाराजवळ; रात्रभर झोपली नव्हती. कोमिसारिन हार्म्स घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "दहा मिनिटं. मग मी फ्राउ शेजवलकरना ठाण्यावर नेणार आहे. औपचारिक जबाबासाठी."

ऊर्मिलाचा हात सिद्धांतने धरला.

"हेर क्र्योगर," सुनेत्रा इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही सज्जातली ती काठी पाहिली. तिच्या टोकाला काय होतं?"

"मी सांगितलंय. जबाबात आहे. बिअरचा मग."

"नक्की? तांब्या नाही? फुलदाणी नाही?"

"मॅडम, मी इथलाच, मेक्लेनबुर्गचा आहे. बिअरचा मग मला ओळखता येतो. मोठा, कथलाचा, कान असलेला."

"थँक्यू. फ्राउ ल्यूर्स, तुम्हाला काय दिसलं होतं?"

"घंटा," बाई गोंधळून म्हणाल्या. "खालून येताना मला वाटलं चांदीची घंटा आहे."

"कोमिसारिन?"

"गुरुवारी मी आले तेव्हा रस्त्यावरून दिसली ती काठी. भांडं. गोल, चकचकीत."

"अहो, तुम्हाला?"

"कलश," मी म्हणालो. "अर्थातच कलश."

सुनेत्राने माझ्या हातातल्या पिशवीत हात घातला. आमच्या सूटकेसमधून आज सकाळी तिने काय काढून त्यात टाकलं, हे मलाही माहीत नव्हतं. तिने ते टेबलावर ठेवलं. कथलाचा, मोठा, कान असलेला मग. त्यावर कुंकवाची पाच बोटं आणि कंपनीचं चिन्ह.

"माझा क्रूग!" सिद्धांत ओरडला.

"आई!" ऊर्मिला म्हणाली. "गुढीवर बिअरचा मग?"

"घरात तांब्या नव्हता, ऊर्मिला. स्टीलचं पातेलं काही दांड्यावर राहीना. हा घासला, धुतला, राख लावली. कान तेवढा नजरेत येत होता, म्हणून तो घराच्या बाजूला, बरोबर मागे वळवून बांधला. समोरून कुणाला काय, देवालाही कळलं नसतं. आणि एकदा पाडव्याच्या पूजेला बसलेल्या भांड्यात पुन्हा बिअर कशी घालू द्यायची, म्हणून मी तो ठेवून दिला." मग ती इंग्रजीत वळली. "रस्त्यावरून हा कान दिसत नाही. हे बघा फोटो. माझा नवरा खाली उभा होता, त्याला दिसला नाही, आणि त्याने तर दोनदा फोटो काढला. कान फक्त मागून दिसतो. म्हणजे सज्जातून. हेर क्र्योगर, तुम्ही खाली प्रोमेनाडवर नव्हता. तुम्ही वर सज्जात होता."

 बाहेर एक समुद्रपक्षी कुणाला तरी शिव्या देत गेला.

मग क्र्योगर हसले. खरंच हसले.

"फार सुंदर. आता सांगा, मी सज्जात आलो कुठून? जिन्याचं दार बंद. किल्ली फ्राउ ल्यूर्सकडे. माझ्या आणि या सज्जाच्या मध्ये दोन मीटरचं कुंपण आहे, वर भाले. मी सत्तर वर्षांचा आहे, मॅडम. उडालो का?"

कोमिसारिनबाईंनी खिडकीतून डोकावून कुंपण पाहिलं. भाल्यांवरचा रंग अखंड होता, एक ओरखडासुद्धा नाही. त्यांनी मान हलवली. "खरंय. इथून कुणी आलेलं नाही."

ऊर्मिलाने डोळे मिटले. कोमिसारिनबाईंनी कोट उचलला.

६

"अहो," सुनेत्रा म्हणाली, "या खोलीला खिडक्या किती?"

"दोन," मी म्हणालो.

"आणि बाहेरून?"

"तीन. सांगितलं ना, तिसरी खोटी."

"हो, ती खोटीच," फ्राउ ल्यूर्स म्हणाल्या. "पहिल्यापासून. मी इथे आले तेव्हापासून."

"तुम्ही आलात कधी?"

"ब्याण्णवमध्ये."

सुनेत्राने माझा मोबाइल कोमिसारिनबाईंच्या हातात दिला. "गुरुवारी सकाळचा फोटो. ही तिसरी खिडकी बघा. काच धुरकट आहे. मोबाइल खराब नाही, बाकी सगळ्या खिडक्या स्वच्छ आल्यात. या काचेवर आतून वाफ धरली आहे. मी घरात रोज वरण शिजवते, मला वाफ कळते. भिंतीवर लावलेल्या खोट्या खिडकीला घाम कसा येईल? त्या काचेमागे खोली आहे. गरम, दमट खोली. आणि काल ती काच कोरडी होती, आजही कोरडी आहे. पस्तीस वर्षं रोज सकाळी सॉना घेणाऱ्या माणसाने दोन दिवस तो घेतलेला नाही."

ऊर्मिलाने डोळे उघडले. तिने वर पाहिलं. छतावरच्या गोल पानाफुलांकडे, मग उजव्या भिंतीकडे, मग परत वर. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला.

"चक्र मध्यावर नाहीये," ती म्हणाली, आणि मग जर्मनमध्ये भराभर बोलायला लागली. सिद्धांत धापा टाकत भाषांतर करत होता. "म्हणतेय, रीजन्सीच्या दिवाणखान्यात छताचं चक्र हे कायम बरोबर मधोमध असतं. ते सरकत नाही. सरकलेली आहे ती भिंत! ही खोली मुळात तीन खिडक्यांची होती. ती छताखालची नक्षीची पट्टी बघा, तिन्ही भिंतींवर कोपऱ्यात वळते, इथे वळतच नाही. सरळ भिंतीत घुसते. म्हणजे पलीकडे अजून आहे."

ऊर्मिला उजव्या भिंतीकडे गेली आणि बोटांच्या पेरांनी टकटक केली. दोनशे वर्षांच्या विटांचा आवाज कसा येतो मला माहीत आहे. हा तो नव्हता. हा आवाज रिकाम्या बिस्किटाच्या डब्याचा होता.

"पातळ पत्र्या-लाकडाची भिंत," ती म्हणाली. "पलीकडचा भाग सहा नंबरने घेतलाय. पण त्याची खिडकी उघडते पाच नंबरच्या सज्जात. कुंपणाच्या अलीकडे! त्यांना काही ओलांडावंच लागलं नाही. त्यांनी फक्त आपल्या खिडकीतून पाऊल टाकलं."

"आणि प्रतिकृतीचं छप्पर सोमवारी उघडलं असतं," सुनेत्रा म्हणाली, "तर सगळ्यांना दिसलं असतं की तुमचा सॉना म्युझियमच्या दिवाणखान्यात आहे."

क्र्योगरांचा गुलाबी रंग उतरत उतरत गिलाव्याच्या रंगावर आला. सगळ्यांच्या नजरा चुकवून त्यांनी समुद्राकडे पाहिलं.

"नव्वद साल. दोन्ही जर्मनी एक होत होत्या," ते शेवटी म्हणाले. "कोणती इमारत कुणाची, कुणालाच माहीत नव्हतं. मोजायला कुणी येत नव्हतं."

मला त्या माणसाबद्दल किंचित आदर वाटला. सगळा देश भिंती पाडत होता, तेव्हा यांनी एक भिंत शांतपणे सरकवली होती.

"सज्जाची खिडकी फ्राउ ल्यूर्स रात्री लावतात, पण तिचा अडसर बाहेरून पट्टीने उचलता येतो," ते पुढे म्हणाले. "सगळ्या रांगेत एकच अडसर आहे. ड्यूकने स्वस्तातले घेतले होते."

"प्रतिकृती कुठे आहे?" कोमिसारिनबाईंनी विचारलं.

"सॉनात. बाकावर."

"सॉनात!" ऊर्मिला किंचाळली. "लिंडनचं लाकूड! नव्वद डिग्रीत—"

"गुरुवारपासून बंद आहे!" क्र्योगर दुखावून म्हणाले. "थंड झाल्यावरच ठेवली. टॉवेल गुंडाळून. मी काही रानटी माणूस नाही."

कोमिसारिनबाई त्यांना घेऊन शेजारी गेल्या. आम्ही सगळे भिंतीला कान लावून उभे राहिलो. पलीकडून दार उघडल्याचा आवाज आला, मग पावलं, आणि मग इतक्या स्पष्टपणे, की जणू त्या आमच्याच खोलीत होत्या: "हिअर इस्ट झी." सापडली.

ऊर्मिला खाली बसली आणि रडायला लागली. सुनेत्राने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चल, पदर सरळ कर." फ्राउ ल्यूर्स पण रडत होत्या, बहुधा सोबत म्हणून. सिद्धांतने सासूबाईंना वाकून नमस्कार केला. मी दर्शनी भिंतीबद्दल काही बोलायला तोंड उघडलं आणि सुनेत्राकडे पाहून मिटलं.

दुपारी डॉक्टर पेटरसनांचा फोन आला. शनिवारी फोन करणारा जर्मन साहेब ही ग्रहणासारखी गोष्ट आहे. आम्ही सगळे फोनभोवती जमलो. ऊर्मिलाने स्पीकर लावला आणि सिद्धांत हळू आवाजात आम्हाला सांगत गेला.

साहेबांनी दोन वेळा माफी मागितली. संपूर्ण कार्यालय शरमिंदा आहे. असा शोध तीस वर्षांत कुणी लावला नव्हता. कसोटीचा काळ संपल्याचं पत्र सोमवारी तिच्या टेबलावर असेल, कायमची नेमणूक, फ्लॅट तिचाच. पाच नंबरचं मोजमाप एप्रिलमध्ये न करता सोमवारीच सुरू करायला त्यांनी खास परवानगी दिली होती. ऊर्मिलाने तोंडावर हात धरला. सुनेत्राने, इतक्या वर्षांच्या संसारात मी पाहिलं नाही असं, माझा हात दाबला.

मग साहेब जरा घुटमळले. घसा खाकरला.

"एक छोटीशी विनंती आहे, फ्राउ शेजवलकर. काल तुम्ही कामावर नव्हता. आमच्या सांगण्यावरून, मला कल्पना आहे. पण सिस्टिममध्ये ती जागा मोकळी दिसतेय. तेवढी कालच्या दिवसाची रजा टाकाल का?"